अर्धशिशीचा रुग्ण अमरगोळात, नव्या औषधाची चाचणी दूर शहरात. मधली वाट कशी शोधायची?

हुबळी आणि धारवाड यांच्या मधोमध असलेलं अमरगोळ बाहेरच्या माणसाला दोन गोष्टींमुळे माहीत असतं. एक, मिरची-कांदा-कापसाची उलाढाल करणारं एपीएमसी यार्ड आणि दुसरं, जुनं शंकरलिंगाचं देऊळ. वैद्यकीय सोयींच्या दृष्टीने हा भाग मागास म्हणता येणार नाही. शेजारी नवनगरात कॅन्सरचं रुग्णालय आहे, चिगरी बस पकडली की हुबळीच्या बाजूला विद्यानगरचं किम्स, धारवाडच्या बाजूला सत्तूरचं एसडीएम, आणि पुढे धारवाडात मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञानाची सरकारी संस्था डिमहान्स. तरीही महिन्यातले आठ-दहा दिवस अर्धं डोकं धरून अंधाऱ्या खोलीत पडून राहणाऱ्या बाईने 'नव्या औषधाची चाचणी कुठं चालू आहे का, मला त्यात जाता येईल का' असं विचारलं, तर तिला सरळ उत्तर देणारी खिडकी या सगळ्या वाटेवर सापडणं कठीण आहे.

हा प्रश्न आता विचारण्याजोगा झाला आहे, कारण अर्धशिशीच्या औषधांचं चित्र गेल्या काही वर्षांत खरोखर बदललं. पूर्वी जी औषधं दिली जात, आणि आजही बहुतेकांना दिली जातात, ती मूळची दुसऱ्याच आजारांसाठी निघालेली. प्रोप्रॅनोलॉल रक्तदाबाचं, अमिट्रिप्टिलिन नैराश्याचं, टोपिरामेट फिटचं. त्यांचा उपयोग होतो, स्वस्तही आहेत, पण कुणाला झोप येते, कुणाचं वजन वाढतं, कुणाला शब्द आठवत नाहीत, आणि रुग्ण दोन महिन्यांत गोळ्या सोडून देतो. सीजीआरपी नावाच्या, मेंदूच्या आवरणातल्या मज्जातंतूंमधून स्रवणाऱ्या एका पदार्थाचा या दुखण्याशी असलेला संबंध उलगडल्यावर खास अर्धशिशीसाठीच बनवलेली औषधं आली. त्यातलं पहिलं, एरेन्युमॅब हे इंजेक्शन, अमेरिकेत मे २०१८ मध्ये मंजूर झालं. या शोधासाठी चार शास्त्रज्ञांना २०२१ चा ब्रेन प्राइझ मिळाला. अशी औषधं बाजारात येतात ती हजारो रुग्णांनी चाचणीत भाग घेतल्यावरच. हे रुग्ण कुठले, त्यांना कुणी विचारलं, आणि आपल्याकडच्यांना का विचारलं जात नाही, हा पुढचा प्रश्न.

आजार किती, याचा हिशोब कर्नाटकातच झाला आहे

'डोकं दुखतंय म्हणून कोण दवाखान्यात जातं' हे वाक्य सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखंच ऐकू येतं. पण बंगळूरच्या निम्हान्सच्या संशोधकांनी बंगळूर शहर आणि आसपासच्या ग्रामीण भागात घरोघरी जाऊन २,३२९ प्रौढांची पाहणी केली होती. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आले. वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्यांचं प्रमाण निघालं २५.२ टक्के, म्हणजे चारात एक. बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा जास्त होतं, यात आश्चर्य नाही. खेड्यात ते शहरापेक्षा जास्त निघालं, ते मात्र पुष्कळांच्या समजुतीला धक्का देणारं. अर्धशिशी म्हणजे एसीत बसून कॉम्प्युटरकडे बघणाऱ्यांचं दुखणं, ही समजूत त्या आकड्यांनी खोटी ठरवली.

देशपातळीवर, २०१९ साली भारतात ४८.८ कोटी लोकांना डोकेदुखीचे विकार होते, असा अंदाज आहे. यात अर्धशिशी आणि ताणामुळे होणारी डोकेदुखी दोन्ही धरल्या आहेत. हा आजार जीव घेत नाही. तो दिवस घेतो: मजुरीचा दिवस, परीक्षेचा दिवस, यार्डातल्या सौद्याचा दिवस. म्हणूनच तो सरकारी यादीत फार काळ खाली राहिला. कर्नाटक सरकार आणि निम्हान्स यांनी २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू केलेल्या मेंदू आरोग्य उपक्रमात पक्षाघात, फिट आणि स्मृतिभ्रंश यांच्या बरोबरीने डोकेदुखीलाही जागा मिळाली, ही त्यातली चांगली गोष्ट.

नोंदवही उघडी आहे, पण इंग्रजीत

भारतात माणसांवर होणाऱ्या औषध-चाचण्यांची एक सार्वजनिक नोंदवही आहे. तिचं नाव क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, बोलताना सीटीआरआय. आयसीएमआरच्या दिल्लीतल्या वैद्यकीय सांख्यिकी संस्थेने ती जुलै २००७ मध्ये सुरू केली. केंद्रीय औषध नियंत्रकाच्या परवानगीने होणाऱ्या चाचण्यांना १५ जून २००९ पासून तिथे नोंद सक्तीची झाली. १ एप्रिल २०१८ पासून नियम आणखी कडक झाला: पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद हवी, काम उरकल्यावर मागाहून नाही. सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन या पत्त्यावर ती कुणालाही फुकट बघता येते. लॉगिन लागत नाही, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

एवढं सोपं असताना अडतं कुठं? पहिली अडचण शब्दाची. मराठी माणूस म्हणतो अर्धशिशी, कन्नड माणूस म्हणतो अरेतलेनोवु, नोंदवहीला दोन्ही कळत नाही. तिथे इंग्रजीत 'मायग्रेन' असंच टाइप करावं लागतं. आणि तेवढ्यावर थांबलं तर निम्म्या नोंदी सुटतात, कारण आयुर्वेद महाविद्यालयांतल्या चाचण्या 'अर्धावभेदक' या संस्कृत नावाने आणि युनानीतल्या 'शकीका' या नावाने नोंदलेल्या असतात. 'हेडेक' हा शब्दही टाकून बघावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध, फिजिओथेरपीचे प्रयोग, योगाचे अभ्यास, होमिओपॅथी, सगळं एकाच यादीत येतं. ज्याला कंपनीच्या नव्या औषधाची चाचणी हवी आहे त्याला हा ढीग चाळावा लागतो.

प्रत्येक नोंदीत बघण्यासारख्या मोजक्याच जागा आहेत. भरतीची भारतातली स्थिती 'ओपन टू रिक्रूटमेंट' अशी असेल तरच पुढे वाचण्यात अर्थ. 'क्लोज्ड' किंवा 'कम्प्लीटेड' असेल तर ती गाडी गेली. त्याखाली केंद्रांची यादी असते, रुग्णालयाचं नाव, शहर, मुख्य संशोधकाचं नाव, फोन, ई-मेल. प्रत्येक केंद्रापुढे नीतिशास्त्र समितीची मान्यता मिळाली की नाही तेही लिहिलेलं असतं. मान्यता आली नसेल तर त्या केंद्राला रुग्ण घेता येत नाही. मग पात्रतेच्या अटी. आणि सर्वसामान्यांच्या चौकशीसाठी दिलेला संपर्क, जो फार थोडे लोक वापरतात. नोंद क्रमांक 'सीटीआरआय', मग वर्ष, महिना आणि सहा आकडे अशा स्वरूपाचा असतो. कुणी 'आमच्याकडे चाचणी चालू आहे' म्हणालं तर हा क्रमांक मागावा. तो देता येत नसेल तर उठून घरी यावं.

परदेशी कंपन्यांच्या चाचण्या बहुधा अमेरिकेच्या क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह या नोंदवहीतही असतात. तिथे आजाराच्या जागी मायग्रेन आणि देशाच्या जागी इंडिया टाकलं की भारतातली केंद्रं दिसतात. दोन्ही ठिकाणी ताडून बघितलेलं बरं, कारण भरतीची स्थिती अद्ययावत ठेवण्यात सगळेच तत्पर असतात असं नाही. फोन करून खात्री करणं हाच शेवटचा उपाय.

केंद्रं कुठं असतात, हे यादी उघडताच लक्षात येतं. कंपन्या जिथे मेंदूविकारतज्ज्ञांचा मोठा विभाग, प्रशिक्षित समन्वयक आणि आधीच्या चाचण्यांचा अनुभव आहे तिथेच जातात, म्हणजे बंगळूर, मुंबई, पुणे, हैदराबाद, दिल्ली. अमरगोळहून बंगळूर चारशे किलोमीटरच्या वर. प्रतिबंधक औषधाच्या चाचणीत साधारण महिन्याला एक फेरी धरली तरी सहा महिन्यांत सहा-सात रात्रीचे प्रवास, आणि अर्धशिशीच्या रुग्णाला रात्रीचं जागरण हेच दुखण्याचं आमंत्रण. प्रवासखर्च देण्याची तरतूद असू शकते, त्याला नीतिशास्त्र समितीची मान्यता लागते. पहिल्या फोनलाच ते विचारायला लाजू नये.

इथे एक तपशील हुबळी-धारवाडच्या डॉक्टरांनी लक्षात घ्यावा असा आहे. २०१९ च्या नव्या नियमांनुसार ज्या केंद्राकडे स्वतःची नीतिशास्त्र समिती नाही, ते दुसऱ्या केंद्राच्या किंवा स्वतंत्र समितीच्या मान्यतेवर चाचणी चालवू शकतं. अट एवढीच की ती समिती त्याच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या आत हवी. हुबळी-धारवाड जुळी शहरं, अंतर वीस किलोमीटर. म्हणजे इथल्या मोठ्या महाविद्यालयाच्या समितीच्या आधारे शेजारचं छोटं रुग्णालयही केंद्र होऊ शकतं. बेळगाव मात्र या वर्तुळाबाहेर पडतं.

पात्रता ठरते डायरीवर

केंद्र सापडलं, फोनही लागला, तरी बरेच जण पहिल्याच चाळणीत गळतात. प्रतिबंधक औषधांच्या चाचण्यांमध्ये वय साधारण १८ ते ६५, किमान वर्षभराचा इतिहास, दुखणं पन्नाशीच्या आत सुरू झालेलं, आणि महिन्याला ४ ते १४ दिवस अर्धशिशीचे, अशा अटी नेहमी दिसतात. जुनाट अर्धशिशीच्या चाचण्या वेगळ्या. तिथे महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी आणि त्यातले निदान ८ दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललेलं हवं.

आता आपल्याकडच्या रुग्णाला विचारा, महिन्यात किती दिवस दुखतं? उत्तर येतं, 'सारखंच दुखतंय बघा' किंवा 'अधनंमधनं'. संशोधकाला यातलं एकही चालत नाही. त्याला तारीख, वेळ, किती तास, एका बाजूला की दोन्ही, ठणकत होतं का, मळमळ, उजेडाचा आणि आवाजाचा त्रास, कोणती गोळी किती वाजता घेतली, हे सगळं हवं असतं. चाचणीत घेण्याआधी चार आठवडे डायरी लिहून घेतात आणि तीत फार खाडे पडले तर रुग्ण बाद होतो. तेव्हा चाचणी मिळो न मिळो, साध्या कॅलेंडरवर पेनाने खुणा करायला आजच सुरुवात केली तर त्याचा उपयोग नेहमीच्या डॉक्टरलाही होतो. औषध बदलायचं की वाढवायचं हे तोही याच खुणांवरून ठरवतो.

दुसरी चाळणी गोळ्यांची. मेडिकलमधून पट्टी आणायची आणि दुखलं की एक घ्यायची, ही सवय यार्डातल्या हमालापासून शाळेच्या बाईंपर्यंत सगळ्यांना. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांवर चाललं तर गोळीच डोकेदुखीचं कारण बनते. अशा रुग्णांना पुष्कळ चाचण्या घेत नाहीत. त्यांचा पहिला उपचार म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली त्या गोळ्या कमी करणं, आणि त्यासाठी बंगळूरला जावं लागत नाही.

बायकांच्या बाबतीत तिसरी अट येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना बहुतेक चाचण्यांतून वगळतात, आणि चाचणीच्या काळात गर्भ राहणार नाही याची काळजी घेण्याची लेखी अट घालतात. हा आजार ऐन विशी ते चाळिशीत जास्त जोर करतो, म्हणजे ही अट नेमकी तिथेच लागते. घरात यावर बोलणं होणार हे उघड आहे. पण सही त्या बाईची लागते. प्रौढ, सुजाण स्त्रीच्या वतीने नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही चालत नाही.

संमतीपत्र कोणत्या भाषेत?

सीमाभागातल्या वाचकाला हा प्रश्न नवा नाही. इथे तो सात-बाराच्या उताऱ्याचा किंवा दुकानाच्या पाटीचा नसून आरोग्याचा आहे. नियम सांगतो की रुग्णाला माहिती त्याला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत द्यायची. नियमात कोणत्या राज्याची कोणती भाषा असं काही नाही, निकष फक्त रुग्णाला समजण्याचा. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं. सही केलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्राची प्रत रुग्णाच्या हातात द्यायची. नव्या रासायनिक रेणूच्या चाचणीत दुर्बल गटातला रुग्ण असेल तर संमतीची दृक्‌श्राव्य नोंदही करायची.

प्रत्यक्षात कंपनी भाषांतरं केंद्र बघून करून घेते. कर्नाटकातल्या केंद्रासाठी कन्नड, इंग्रजी, फार तर हिंदी, आणि महाराष्ट्रातल्या केंद्रासाठी मराठी. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतून कन्नड सर्रास बोललं जातं, बाजारात तर त्याशिवाय चालत नाही. पण भाजीचा भाव कन्नडमध्ये करणं वेगळं आणि वीस पानांचं माहितीपत्र कन्नडमध्ये वाचून 'यकृतावर परिणाम होऊ शकतो' हे समजून घेणं वेगळं. मराठी शाळेत शिकलेल्या साठीच्या आजींना ते जमेलच असं नाही. उलट बाजूही तेवढीच खरी. जत, अक्कलकोटचा कन्नड बोलणारा शेतकरी मिरजेला किंवा सोलापूरला दाखवायला येतो, तेव्हा त्याच्या हातात मराठी कागद पडतो. त्याचीही अडचण हीच. भाषेच्या वादात नेहमी एकमेकांसमोर उभे राहणारे हे दोघे इथे एकाच बाकावर बसलेले आहेत, एवढं दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी बघितलं तरी पुष्कळ.

रुग्णाने आपल्या भाषेतली प्रत मागितली तर केंद्राला ती भाषांतर करून नीतिशास्त्र समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते. आयत्या वेळी नर्सने तोंडी सांगितलेलं भाषांतर त्याची जागा घेऊ शकत नाही. याला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून मागणी आधी कळवणं शहाणपणाचं. मोबाइलवरची डायरी आणि प्रश्नावल्या ही आणखी एक खोच आहे. डोकेदुखीने दिवस किती वाया गेले हे मोजणाऱ्या प्रश्नावल्यांची मान्यताप्राप्त भाषांतरंच वापरावी लागतात, आणि आपल्या भाषेतली प्रत त्या चाचणीत नसेल तर रुग्ण पात्र असूनही बाहेर राहू शकतो.

राज्याच्या सीमेने मात्र कुणी अडवत नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ सीमावर्ती गावांना आपली जनआरोग्य योजना देऊ केली आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली, तो वाद वाचकांच्या लक्षात असेल. चाचणीला असलं काही लागू नाही. हुबळीचा रुग्ण पुण्यातल्या चाचणीत जाऊ शकतो, चंदगडचा बंगळूरच्या. रहिवासी दाखला हा पात्रतेचा निकष नसतो. निकष असतो तो वेळेवर तपासणीला येण्याचा.

खोटी गोळी आणि खरा गुण

चाचणीत जाणाऱ्याला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की आपल्याला औषधच मिळेल याची खात्री नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी होते आणि काही जणांच्या वाट्याला हुबेहूब दिसणारं, पण औषध नसलेलं इंजेक्शन येतं. डॉक्टरलाही माहीत नसतं. हा फसवणुकीचा प्रकार नाही, आणि अर्धशिशीत तर त्याशिवाय गत्यंतर नाही. एरेन्युमॅबच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ९५५ रुग्ण होते. जास्त मात्रा घेतलेल्यांपैकी ५० टक्के लोकांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आले. ऐकायला छान. पण नुसतं खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपैकीही २६.६ टक्के लोकांना तेवढाच गुण आला होता. म्हणजे औषधाचं खरं श्रेय मधल्या फरकाएवढं. शेजारीण अमुक काढा घेऊन बरी झाली, या गोष्टीला किती महत्त्व द्यायचं तेही यावरून ठरवता येतं.

दिल्लीच्या एम्समध्ये योगावर झालेली चाचणीही या नजरेने वाचावी. २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. नेहमीच्या औषधांसोबत तीन महिने योग करणाऱ्यांची डोकेदुखी महिन्याला सरासरी ९.१ वेळांवरून ४.७ वर आली, नुसती औषधं घेणाऱ्यांची ७.७ वरून ६.८ वर. निकाल उत्साहवर्धक आहे. मात्र आपण योग करतोय हे करणाऱ्याला माहीतच असतं, तिथे खोटा योग देता येत नाही, आणि आकडे रुग्णांनी स्वतः सांगितलेले. अशा चाचण्या स्थानिक महाविद्यालयांतही होऊ शकतात, त्यात धोका कमी आणि प्रवासही कमी. अमरगोळच्या रुग्णासाठी पहिलं पाऊल म्हणून कंपनीच्या इंजेक्शनपेक्षा हा मार्ग जास्त व्यवहार्य आहे.

अपाय झाला तर

चाचणी म्हटलं की 'आपल्यावर उंदरासारखा प्रयोग' हा शब्द येतो, आणि तो हवेतून आलेला नाही. आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला, तेव्हा संमतीपत्रांचे घोळ बाहेर आले. इंदूरच्या चाचण्यांवरून स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्या दबावातून नियम घट्ट होत गेले आणि मार्च २०१९ मध्ये नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम आले.

त्यांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट करायचे. गंभीर अपायाची खबर संशोधकाने २४ तासांत नियंत्रक, प्रायोजक आणि नीतिशास्त्र समिती यांना द्यायची. मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाची भरपाई ठरलेल्या सूत्राने, ज्यात पायाभूत रक्कम ८ लाख रुपये धरून वय आणि मूळ आजाराचा धोका यांचा गुणाकार होतो. बरी होणारी इजा असेल तर रुग्णालयात गेलेल्या दिवसांना दुप्पट किमान मजुरीचा हिशोब. नियंत्रकाचा आदेश निघाल्यावर प्रायोजकाने ३० दिवसांत पैसे द्यायचे. उपलब्ध असलेला नेहमीचा उपचार न देता खोटी गोळी दिल्यामुळे इजा झाली तर तीही भरपाईला पात्र. हे सगळं संमतीपत्रात लिहिलेलं असायला हवं. कुणाला कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

उलट बाजूने, चाचणीत घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे मागितले जात असतील तर काहीतरी गडबड आहे असं समजावं. चाचणीचं औषध विकत घ्यायचं नसतं. कंपन्यांच्या वतीने चाचण्या चालवणाऱ्या संस्थांनाही १ एप्रिल २०२५ पासून केंद्रीय नियंत्रकाकडे नोंदणी सक्तीची झाली आहे. तेव्हा 'आम्ही कंपनीचे एजंट' म्हणत येणाऱ्याला त्या नोंदणीचा कागद मागता येतो.

बेळगावने वाट दाखवली आहे

खेड्यातल्या माणसाला चाचणीत नीट सामील करून घेता येतं की नाही, या शंकेचं उत्तर शंभर किलोमीटरवर आहे. बेळगावच्या जेएनएमसीच्या संशोधकांनी २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातल्या गावांमधून १,६२० बाळंतिणींची चाचणी केली. प्रश्न होता, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव मिसोप्रोस्टॉल या साध्या गोळीने रोखता येतो का. गोळी देणाऱ्या होत्या गावातल्या एएनएम. मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये लॅन्सेटने निकाल छापला आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी ती गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. पुढे गरोदरपणातल्या ॲस्पिरिनच्या सहा देशांतल्या चाचणीत, ११,९७६ स्त्रियांमध्ये, बेळगाव आणि नागपूर ही भारतातली दोन केंद्रं होती. कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या बायका एकाच अभ्यासात.

फरक काय होता? तिथे चाचणी रुग्णाकडे गेली. आरोग्य सेविका आधीच गावात होत्या, भाषा त्यांची होती, तपासणी उपकेंद्रात होती. अर्धशिशीत हे जमवणं तितकं अवघडही नाही. यात फार मोठी यंत्रं लागत नाहीत, मोजमाप म्हणजे मुख्यतः डायरी. निदान पक्कं करणारा मेंदूविकारतज्ज्ञ, औषध साठवायला फ्रिज आणि फोनवर पाठपुरावा करणारा समन्वयक एवढं असलं की हुबळी-धारवाडसारखं शहर केंद्र म्हणून उभं राहू शकतं. रुग्णांची तर वानवा नाही.

ही संधी पुढे किती राहील हेही बघायला हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय नियंत्रकाने अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघात मंजूर झालेल्या काही गटांतल्या औषधांना भारतात वेगळ्या चाचणीतून सूट देण्याची वाट खुली केली. दुर्मीळ आजारांची औषधं त्यात आहेत, आणि प्रचलित उपचारांपेक्षा ठळक सुधारणा करणारी औषधंही. सूट मिळाली की औषध लवकर येतं, हा फायदा. पण कर्नाटक-महाराष्ट्रातल्या रुग्णांवर ते किती चालतं याची आकडेवारी आधी हातात येत नाही. मग उरतो तो चौथा टप्पा, म्हणजे औषध बाजारात आल्यानंतरचा अभ्यास, ज्याची हमी सूट मागणाऱ्या कंपनीला द्यावी लागते. दूरच्या शहरांपुरते न राहता हे अभ्यास किम्स, एसडीएम, मिरज, कोल्हापूर इथपर्यंत यावेत, ही मागणी लोकप्रतिनिधींनी करण्यासारखी आहे. जिल्ह्यातल्या मेंदू आरोग्य दवाखान्यात चालू चाचण्यांची यादी कन्नड आणि मराठीत लावली, तर त्याला वेगळा निधीही लागणार नाही.

तोवर रुग्णाने काय करायचं? अचानक, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, सोबत ताप, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं असेल, तर नोंदवही बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठायचं. बाकीच्यांनी दोन महिन्यांची डायरी, घेतलेल्या सगळ्या औषधांच्या नावांची चिठ्ठी आणि जुने कागद एका पिशवीत घालून नेहमीच्या डॉक्टरकडे जावं आणि नोंदवहीतली नोंद त्यांना दाखवावी. घरात कॉलेजला जाणारं पोर असेल तर मोबाइलवर ती शोधून द्यायला त्याला पंधरा मिनिटं लागतात. केंद्रावर फोन केला की नोंद क्रमांक काय, किती फेऱ्या, प्रवासखर्च कोण देणार, आणि चाचणी संपल्यावर गुण आलेला असला तर औषध पुढे मिळणार का, हे विचारायचं. शेवटचा प्रश्न माहितीपत्र मराठीत आहे का हा, आणि उत्तर 'नाही' आलं तर ते कधीपर्यंत मिळेल, हा.